दीड हात

तीन हात नाक्याला रिक्षातून उतरले
तेव्हा माझ्याकडे दीडच होता.
उजवा पदराखाली धरलेला,
दुसऱ्याचं झोपलेलं मूल धरावं तसा.
पैसे डाव्याने दिले. रिक्षावाल्याने कपाळाला लावले नाहीत.

डॉक्टर नेरुरकर माझ्या धाकट्याच्या वयाचे.
पडद्यावर त्यांनी माझा खांदा उघडला, काळा, करडा, मध्येच पांढरा.
म्हणाले, इथे चार दोर असतात,
गोळ्याला वाटीत धरून ठेवणारे.
दोन तुटून पार आत सरकलेत,
तिसरा तुटायच्या बेतात,
मागच्या मांसाची चरबी झालीय.
किती वर्षं दुखतंय?
दुखतंय असं मी कधी म्हटलंच नव्हतं.
म्हणायचे, ड्युटी लागलीय.

सव्वीस वर्षं. कळवा, खारेगाव, बाळकुम, कोलशेत.
डोक्यावरून दोरी जायची
मागच्या दारापासून ड्रायव्हरच्या कानापर्यंत.
एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की निघ.
दिवसातून किती वेळा?
हिशोब तिकिटांचा द्यायचा असतो, दोरीचा नाही.
रिटायर झाले त्या दिवशी साहेबांनी शाल घातली,
घालताना उजवा खांदा दाबला जरा.
फोटोत मी हसतेय असं सगळ्यांना वाटतं.

शिवता नाही का येणार? मी विचारलं
आणि उत्तरही मीच दिलं:
जुन्या लुगड्याला टाका घातला
की टाक्याच्या शेजारी फाटतं.
डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच.
पाठीतला स्नायू वळवून इथे जोडतात, पण तो वयाने तरुणांना.
तुम्हाला उलटा सांधा.
वाटी होती तिथे गोळा, गोळा होता तिथे वाटी.
चौघं कायमची रजेवर,
वरचा डेल्टॉइड तेवढा शाबूत आहे,
तो एकटा डबल ड्युटी करेल.
म्हटलं, समजलं. डेपोत असंच चालायचं.

देवाने केलेलं उलटं करायचं म्हणून
नणंदेने नाक मुरडलं.
मला मात्र गंमत वाटली.
इतकी वर्षं सुलट होता,
काय मोठे दिवे लावले त्याने.

मानेत सुई टोचली आणि हात गेला.
गेला म्हणजे होता तिथेच,
शेवटच्या स्टॉपला सीटवर कुणी विसरलेल्या पिशवीसारखा.
सवयीने मी ओरडले, पिशवी कुणाची?
नर्स म्हणाली, मावशी, झोपा.

सहा आठवडे काखेत उशी, झोप खुर्चीत.
सून वेणी घालायची, करकचून,
राग काढतेय असं वाटायचं.
मग एकदा आरशात दिसलं,
स्वतःचीही ती तशीच घालते.

सातव्या आठवड्यात सादिया आली,
मुंब्र्याहून, दोन बस बदलून.
दाराच्या चौकटीला तिने कप्पी टांगली,
कप्पीतून पांढरी दोरी.
डाव्याने ओढायचं, उजवा आपोआप वर.
मी नुसती दोरीकडे बघत राहिले.
घाबरू नका आजी, ती म्हणाली.
घाबरले नव्हते गं.
हात हनुवटीशी आला. नाकाशी. कपाळाशी.
तिथे काहीतरी कचकन अडलं
आणि माझ्याकडून दोरी ओढली गेली, एकदाच.
सादिया थांबली.
हिला कुणी शिकवलं?
मग मीच दोनदा ओढली.

आता दुसऱ्या फळीवरचा डबा निघतो.
तिसऱ्या फळीवर सुनेचं राज्य, ते राहू दे.
हात पाठीमागे जात नाही, जाणारही नाही,
हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलेलं.
पाठ खाजवायला जांभळी नाक्यावरून
लाकडी पंजा आणलाय, चाळीस रुपयांचा.
तो धरून झाले तीन.